लाल बावटा, काळा सदरा

नरकचतुर्दशीच्या पहाटे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, ही आमच्या घरची रीत. संपादकांनी इतिहासावर काही लिहा म्हणून कळवले. मी निवडलेला विषय पाहून ते क्षणभर थबकले असतील. वाचकांनी हा लेख या अंकातले कारीट समजावे. फराळाची पाने पुढे आहेतच.

विषय मला सुचवला तो माझ्या एका विद्यार्थ्याने. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. पुढचे शिक्षण वाचनालयांच्या बाकांवर झाले. रात्रशाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझी मुले दिवसभर दुकानांत राबून येतात आणि पहिल्या तासाला पेंगतात. पण त्या दिवशी शेवटच्या बाकावरचा एक जण टक्क जागा होता. म्हणाला, ‘‘सर, हिटलरच्या पक्षाच्या नावातच ‘समाजवादी’ आहे. मग तो समाजवादीच झाला ना?’’

‘‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,’’ मी म्हणालो. वर्ग हसला, घंटा झाली, मुले सुटली.

घरी जाताना मी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर टेकलो आणि माझे मलाच वाईट वाटले. म्हणीने तोंड बंद करणे हा मास्तरांचा जुना डाव. मुलाचा प्रश्न खरा होता. आणि दुसऱ्या कुणी तो टाळला असता तर चालले असते. मला टाळता येण्यासारखा नव्हता, कारण याच दोन शब्दांपायी आमच्या घरात ३३ वर्षे दोन माणसे एकमेकांशी बोलत नव्हती. ते पुढे सांगतो.

आधी मुसोलिनी. हा मनुष्य माझ्याच धंद्यातला, हे सांगताना मला संकोच वाटतो. १९०१ साली तो प्राथमिक शिक्षक होण्याची परीक्षा उतरला, काही काळ मास्तरकी केली आणि १९१० साली त्याने एका कार्डिनलच्या प्रेमपात्रावर वर्तमानपत्रातून क्रमशः कादंबरीही लिहिली. त्याचा बाप लोहार आणि कट्टर समाजवादी. त्याने मुलाचे नाव मेक्सिकोच्या बेनितो हुआरेसवरून ठेवले आणि पुढे दोन इटालियन समाजवाद्यांची नावे जोडली. म्हणजे बारशालाच समाजवाद. १९१२ च्या डिसेंबरात हा बेनितो समाजवादी पक्षाच्या ‘आवांती’ या पत्राचा संपादक झाला. दोन वर्षांनी महायुद्ध पेटले. पक्ष म्हणाला, मजुरांनी मजुरांना मारू नये. मुसोलिनी म्हणू लागला, इटलीने युद्धात पडावे. १९१४ च्या नोव्हेंबरात पक्षाने त्याला हाकलले.

‘फॅसिझम’ हा शब्दसुद्धा परक्या घरून उचललेला आहे. ‘फाशो’ म्हणजे मोळी. १८९१ ते १८९४ या काळात सिसिलीतल्या शेतकऱ्यांनी आणि मजुरांनी आपले संघ काढले, त्यांना ‘फाशी’ म्हणजे मोळ्याच म्हणत, आणि त्यांच्या पुढाऱ्यांत समाजवादी होते. एकटी काटकी मोडते, मोळी मोडत नाही, ही आपल्याकडच्या गोष्टीतलीच कल्पना. २३ मार्च १९१९ ला मिलानमध्ये मुसोलिनीने आपला संघ काढला तेव्हा त्याने हाच शब्द घेतला, आणि पहिला जाहीरनामाही तसाच लालसर होता : आठ तासांचा दिवस, बायकांना मत, भांडवलावर चढता कर, युद्धात कमावलेल्या नफ्यातला ८५ टक्के सरकारजमा. त्या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत या जाहीरनाम्यावर एकही जागा मिळाली नाही.

मग पुढच्या दोन वर्षांत जे झाले तोच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. उत्तर इटलीत शेतमजुरांचे संघ बळावले होते, जमीनदार भ्यालेले होते. काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या रात्री लॉऱ्यांतून येत, मजुरांची सभागृहे जाळीत, पुढाऱ्यांना एरंडेल पाजीत. पैसा जमीनदारांचा आणि कारखानदारांचा. जाहीरनाम्यातली कलमे एकेक करून गळाली. ऑक्टोबर १९२२ च्या अखेरीस मुसोलिनी पंतप्रधान झाला. १० जून १९२४ ला त्याच्या माणसांनी मात्तेओत्ती या समाजवादी पुढाऱ्याला पळवून ठार मारले. ३ एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला.

म्हणजे फॅसिझम समाजवादाच्या घरातून निघाला हे खरे. जाताना त्याने घरातली भांडी नेली : मिरवणूक, बावटा, गणवेश, ‘आपण सारे एक’ ही भाषा. पण चूल नेली नाही. चूल त्याने विझवली.

आता हे सगळे आपल्याकडे कसे पोचले ते पाहू. मराठी वाचकाला इटलीचे वेड जुनेच. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचा केलेला अनुवाद १९०७ साली निघाला आणि मॅझिनी नि गॅरिबाल्डी ही नावे घराघरांत पोचली. त्यामुळे १९२२ नंतर इटलीत कुणी नवा पुरुष उभा राहिला म्हटल्यावर पुण्यामुंबईचे कान टवकारले गेले. १९२४ पासून पुढची दहाएक वर्षे ‘केसरी’त मुसोलिनीवर आणि त्याच्या राजवटीवर लेख येत राहिले. ‘केसरी’चे लंडनचे बातमीदार द. वि. ताम्हणकर यांनी १९२७ साली मुसोलिनीवर मराठीत पुस्तकही लिहिले. त्या लेखकांना ज्या गोष्टींचे अप्रूप वाटले त्यांत एक ही, की हा मनुष्य मुळात समाजवादी. मागासलेल्या देशाला त्याने पहिल्या रांगेत नेऊन बसवले, आणि तेही गरिबांच्या चळवळीतून वर येऊन, असे ते चित्र होते. त्यात खोटे सांगितले असे नाही. उगम पाहिला, पाणी पुढे कुठे गेले ते पाहिले नाही. गुलामीत असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरची शिस्त फार लोभस दिसते.

याच काळात मुंबईत दुसरे वारे होते. १९२१ साली ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही इंग्रजी पुस्तिका लिहिणारे श्रीपाद अमृत डांगे यांनी ऑगस्ट १९२२ मध्ये ‘सोशॅलिस्ट’ नावाचे पत्र मुंबईत सुरू केले. मुसोलिनी सत्तेवर आला तो त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी. १९२८ साली गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप झाला, त्यातूनच गिरणी कामगार युनियन उभी राहिली. आमचे आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. त्या संपातली उपासमार त्यांना शेवटपर्यंत आठवत असे.

आणि मग नाशिक. एकाच गावात दोन्ही वारे कसे फिरले पाहा. १९ मार्च १९३१ रोजी डॉ. बा. शि. मुंजे रोममध्ये मुसोलिनीला भेटले. इटालियन मुलांच्या बालिल्ला संघटनेची कवायत त्यांनी पाहिली, भारून गेले आणि रोजनिशीत तसे लिहून ठेवले. (त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही मुसोलिनीला भेटले. भेटणे हा गुन्हा नव्हे. काय घेऊन परत आलो ते महत्त्वाचे.) मुंज्यांनी १९३७ साली नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढले. त्याच नाशिकच्या तुरुंगात, १९३२-३३ च्या सुमारास, जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी ही तरुण मंडळी मार्क्स वाचीत बसली होती, आणि त्या गप्पांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष जन्मला.

त्या दशकात भल्याभल्यांचा गोंधळ झाला. सुभाषबाबूंनी १९३५ च्या आपल्या पुस्तकात साम्यवाद आणि फॅसिझम यांचा मेळ घालता येईल असे लिहिले. १९३८ साली मुलाखतीत ते म्हणाले की तो शब्दप्रयोग फारसा योग्य नव्हता, आपण लिहिले तेव्हा फॅसिझमने साम्राज्य जिंकण्याची मोहीम काढलेली नव्हती. त्याच साली पुण्याच्या सभेत सावरकरांनी जर्मनीला नाझीवाद आणि इटलीला फॅसिझम स्वीकारण्याचा पूर्ण हक्क असल्याचे सांगितले. सावरकर तेव्हा आमच्या या पार्काजवळच राहायला आले होते.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला दोन तारखा फळ्यावर लिहून दिल्या. १ मे १९३३ : हिटलरने कामगार दिन ही राष्ट्रीय, भरपगारी सुट्टी ठरवली, बर्लिनमध्ये प्रचंड मेळावा, युनियनवाल्यांनाही आमंत्रण. २ मे १९३३ : सकाळी देशभरातल्या युनियनच्या कचेऱ्या फौजदारी थाटात ताब्यात, पुढारी तुरुंगात, तिजोऱ्या जप्त. त्याच्या पक्षात समाजवाद हा शब्द मनावर घेणारे काही होते, ग्रेगोर श्ट्रासरसारखे. त्याला ३० जून १९३४ रोजी गोळी घातली.

‘‘मग संप करू देतो तो समाजवादी, नाही देत तो फॅसिस्ट, असं लिहू का सर?’’

मला हे पटले होते. मी त्याला १९३८ चा मुंबईचा दाखलाही दिला. काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले, त्यात काही संप बेकायदा ठरणार होते. विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. आजोबा वीस वर्षांचे, साच्यावर नुकतेच लागले होते. बाबासाहेबांना त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते त्या दिवशी.

पण मुलगा थांबला नाही. ‘‘सर, रशियात करता येत होता का संप?’’

नव्हता. मी त्याला तसे सांगितले. १९५३ च्या जूनमध्ये पूर्व बर्लिनचे मजूर रस्त्यावर आले तर त्यांच्यापुढे रशियन रणगाडे उभे राहिले. १९६२ साली नोव्होचेर्कास्कच्या कारखान्यात मजुरी घटली आणि खाण्याचे भाव वाढले म्हणून कामगार निघाले. गोळीबारात वीसहून अधिक माणसे मेली, आणि ती गोष्ट पंचवीस वर्षे दाबून ठेवली. ‘‘मग दोघे सारखेच,’’ मुलगा म्हणाला. नाही, सारखे नव्हेत. माणसे समान आहेत हे समाजवादाचे पहिले वाक्य. त्याच्या नावाने जेव्हा मजुरावर गोळी चालते तेव्हा त्याचेच पुस्तक त्याच्या विरुद्ध साक्ष देते, आणि साक्ष देणारी माणसे त्याच घरात निघाली. रोझा लक्झेंबर्गने १९१८ साली तुरुंगातूनच लेनिनला विरोधकांच्या स्वातंत्र्याबद्दल बजावले होते. फॅसिझमचे पहिले वाक्यच मुळी माणसे समान नाहीत हे. तिथे मजुराला चिरडणाऱ्याला पुस्तक लपवावे लागत नाही. मेलेल्या माणसाला या फरकाचा काय उपयोग, असे कुणी विचारले तर मात्र माझ्यापाशी उत्तर नाही.

कवायतीबद्दलही असेच आहे. कवायत दिसली की फॅसिझम, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. १९४१ च्या जूनमध्ये एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि राष्ट्र सेवा दल नव्याने उभे राहिले. त्यातही शाखा, शिट्टी, रांगा, झेंडा सगळे होते, कारण शाखांकडे ओढल्या जाणाऱ्या मुलांना दुसरी शाखा द्यायची होती. माझ्या आजीचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा, सतराव्या वर्षी दादरच्या अशाच एका शाखेत जात. तिथे मुली होत्या, सगळ्या जातींची मुले होती, आणि खेळ झाल्यावर गोल करून बसायचे नि विचारायचे ते विचारायचे. रांग तीच, रांग मोडल्यावर काय होते त्यात सगळे आले.

आता आमच्या घरची गोष्ट.

समाजवादी आणि कम्युनिस्ट यांनी फॅसिझमशी लढताना एकमेकांनाच फॅसिस्ट म्हटले, हा या इतिहासातला सगळ्यांत कडू भाग. १९२८ नंतर मॉस्कोने फर्मान काढले की लोकशाहीवादी समाजवादी हे ‘सामाजिक फॅसिस्ट’. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरला १९६ जागा मिळाल्या, समाजवाद्यांना १२१, कम्युनिस्टांना १००. दोघांची बेरीज शाळकरी पोराला येईल. पण ते दोघे एका सभेत बसत नव्हते. तोच शब्द इकडे आला आणि १९३४ साली निघालेल्या आपल्या काँग्रेस समाजवाद्यांवरही प्रथम तोच मारला गेला.

२ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी युद्धाविरुद्ध एक दिवसाचा संप केला. हे साम्राज्यवाद्यांचे युद्ध, त्यात आमची माणसे नकोत, ही घोषणा. स्टालिनने ऑगस्टात हिटलरशी करार केला होता. आजोबांना तो कधी नीट समजला नाही, पण संप समजला, ते त्यात होते. मग २२ जून १९४१ ला हिटलरने रशियावर स्वारी केली आणि काही महिन्यांनी तेच युद्ध ‘लोकयुद्ध’ झाले. आता उत्पादन थांबवायचे नाही. अण्णा भाऊंच्या स्टालिनग्राडच्या पोवाड्याने आजोबांच्या अंगावर काटा येई, आणि खरे सांगायचे तर हिटलर त्या गावाशी हरला म्हणूनच आज आपण मोकळेपणाने हे वाचतो आहोत. कम्युनिस्टांचे युद्धाविषयीचे निदान चुकले नव्हते. पण त्यापायी ते आपल्या माणसांपासून तुटले.

९ ऑगस्ट १९४२. गांधीजींना पहाटे पकडले. संध्याकाळी शिवाजी पार्कावर सभा, बोलणार कस्तुरबा. त्या निघाल्या आणि वाटेतच त्यांना अटक झाली. अठरा वर्षांचे मामाआजोबा त्या गर्दीत होते. तिथून ते घरी परतलेच नाहीत. पत्रके वाटीत भूमिगत राहिले. एका रात्री लपायला म्हणून बहिणीकडे, लालबागच्या चाळीत आले. आजीने भाकरी वाढली. आजोबा समोर बसले आणि म्हणाले, ‘‘जपानी दाराशी आलेत आणि तू तारा तोडतोयस. तू फॅसिस्टांचा हस्तक आहेस.’’

‘‘आणि तुम्ही सरकारचे,’’ मामाआजोबा म्हणाले आणि अर्धी भाकरी टाकून उठले. आठवड्याने ते पकडले गेले. कुणी खबर दिली नव्हती. पण हे त्यांना पटायला फार वर्षे गेली.

सुटून आल्यावर मामाआजोबा दर भाऊबीजेला येत. आजी तबक घेऊन उभी राहिली की आजोबा चपला घालून बाहेर पडत, आणि दिवा शांत झाल्यावर परतत. १९५६ नंतर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत दोघांचे पक्ष एका समितीत आले. शिवाजी पार्कावर अत्रे, डांगे, एस. एम. एका व्यासपीठावर. आमचे दोघे एकाच मोर्चात घसा फोडीत, पण एकमेकांशी बोलत नसत. ३० ऑक्टोबर १९६६ ला याच मैदानात शिवसेनेचा पहिला मेळावा झाला. कम्युनिस्टांनी तिला फॅसिस्ट म्हटले, आणि १९६८ च्या महापालिका निवडणुकीत प्रजासमाजवादी पक्षाने तिच्याशीच युती केली. त्या वर्षी मामाआजोबा भाऊबीजेलाही मान खाली घालून आले, असे आजी सांगे.

जून १९७५. आणीबाणी. मधु लिमये तुरुंगात, पुढे मृणाल गोरे, जॉर्ज फर्नांडिस यांनाही अटक. १९७६ साली घटनेच्या उद्देशिकेत ‘समाजवादी’ हा शब्द घातला गेला तेव्हा देशातले कितीतरी समाजवादी गजाआड होते. माझ्या विद्यार्थ्याने सोनूबाईचा हा दाखला मागितला नाही, म्हणून मी दिला नाही. डांग्यांच्या पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला होता. जयप्रकाशांची चळवळ फॅसिस्ट आहे असे पक्ष सांगे.

आजोबा तेव्हा सत्तावन्न वर्षांचे. पक्षाच्या बैठकीत हे ऐकून घरी आले, जेवले नाहीत. मामाआजोबा तीन महिने आत होते. दिवाळी जवळ आली तसे आजीने भेटीची परवानगी काढली, डबा भरला. निघायच्या दिवशी पाहते तो आजोबा सदरा घालून, डब्याची पिशवी हातात घेऊन दारात उभे.

तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत काडेपेटी न्यायची मुभा नव्हती. आजीने भावाला कुंकू लावले आणि नुसते तबक ओवाळले. आजोबा भिंतीशी उभे होते. मामाआजोबांनी त्यांच्याकडे पाहिले.

‘‘काय दाजी, फॅसिस्टाला भेटायला आलात?’’

आजोबा खाली बसून डब्याचे झाकण काढू लागले. ते घट्ट बसले होते.

‘‘चकल्या मऊ पडल्यात,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी दोन तास उशिरा आली.’’